हिरवं गवत कापू नये

त्या गुरुवारी अब्बा कब्रस्तानातून परत आले तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि चपलांना चिखल, गवताची पाती असं सगळं चिकटलेलं होतं. अम्मीने त्यांना दारातच थांबवलं.

“आदी पाय धुवा. सगला कब्रस्तान घरात आनू नका.”

“कदी तरी तिकडंच जायाचंय ना? थोडी वलख असलेली बरी.”

हा विनोद जुना होता. अम्मी हसली नाही. मोरीतला नळ सोडून ती तव्यावरचं घावन उलटायला आत गेली.

मी गॅलरीत बसून कामाचे मेल बघत होते. वाशीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, आणि सुट्टी असली तरी कुणाला ना कुणाला एखादं पुस्तक सापडत नसतंच. अब्बा पाय पुसत आले, शेजारच्या खुर्चीत बसले आणि खिशातून भिंग काढून रुमालाने पुसू लागले. पनवेलला त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पुतण्याच्या हाती दुकान सोपवून ते घरी बसले, तेव्हा तिथून त्यांनी एवढी एकच वस्तू आणली होती. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं भिंग.

“आजपन नाय,” ते म्हणाले.

“एकही अंडं नाही?” मी फोनमधून मान वर केली नाही.

“एक नाय. टाकल्याची भाजी हाय, भिंतीकडं थोडी. सगली पानं बगितली. पाखरू एकच दिसला, तो पन वरच्यावर निघून गेला.” त्यांनी गॅलरीतून खाली कब्रस्तानाकडे पाहिलं. “अफशा, तू एवडं वाचतेस. तुला काय वाटतं? का येत नसतील?”

मला उत्तर माहीत होतं.

“एअरपोर्टचे दिवे असतील, अब्बा. उलव्याच्या बाजूचं आभाळ रात्रभर पेटलेलं असतं. त्याने त्यांचं काही तरी बिघडत असेल.”

अब्बांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “बग! माजा पन अंदाज तोच. आता तू बोललीस म्हंजे पक्का.”

संध्याकाळी असरच्या नमाजाला गेले तेव्हा त्यांनी मशिदीत सगळ्यांना सांगितलं की आमची अफशासुद्धा हेच म्हणते. ते मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज पढून ते घरी आले, गॅलरीतल्या खुर्चीत बसले, आणि अम्मी चहा घेऊन गेली तेव्हा ते या जगात उरले नव्हते.

*

खांदेश्वर स्टेशन आणि कामोठे यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं जुनं गाव आहे. चारी बाजूंनी आता सेक्टर आहेत. भातशेती गेली, खाडीकडची जमीन गेली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर इमारती उभ्या राहिल्या. बांधकामातून वाचलेली मोकळी जमीन म्हणजे आमचं कब्रस्तान, कारण तिथे कुणाला काही बांधता येत नाही. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ते सगळं दिसतं. बायका आमच्याकडे आत जात नाहीत, त्यामुळे मी ते जन्मभर वरूनच पाहिलं आहे.

पावसाळ्यात सगळं रायगड ज्याची भाजी खातं तो टाकळा तिथे भरपूर उगवायचा. कब्रस्तानातला टाकळा कुणी खुडत नाही. त्याच्या कोवळ्या पानांवर एक छोटं पिवळं फुलपाखरू अंडी घालतं. अब्बा त्याला हळदुली म्हणत. नाव त्यांनीच ठेवलेलं. माझ्या दादीच्या कबरीपाशी फातेहा पढत असताना त्यांना एक हळदुली पानावर शेपूट वाकवून बसलेली दिसली. ती उडाल्यावर त्यांनी पानाला भिंग लावलं. तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं अंडं पानावर उभं होतं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी अम्मीला, मला आणि खालच्या किराणावाल्याला ते अंडं हातवारे करून दाखवलं. त्यानंतर ते रोज जाऊ लागले. अळीला टाकळाच लागतो, गवत तिला चालत नाही, हे त्यांना मीच शोधून सांगितलं होतं. तेवढं सांगायला मला काही वाटलं नव्हतं.

मग मशीद-कब्रस्तानाचा कारभार बघणाऱ्या जमातीची बैठक झाली. आमिरभाई जमातीचे सेक्रेटरी. त्यांचा रेती-खडीचा धंदा आहे, आणि कुठलीही मोकळी जागा त्यांना अर्धवट राहिलेल्या कामासारखी दिसते. कब्रस्तानात तणनाशक मारायचं, मधून पेव्हर ब्लॉकच्या वाटा काढायच्या, असं त्यांनी मांडलं. अब्बा उभे राहिले. हळदुलीबद्दल बोलले असते तर लोक हसले असते, म्हणून त्यांनी दुसरी बाजू धरली. हिरवं गवत अल्लाहची तस्बीह, त्याचं नामस्मरण करतं, त्याने खालच्या मय्यतीला आराम मिळतो. आपण आपल्या आईबापाचा आराम कापून टाकायचा का? मौलानांनी मान डोलावली. वाळलेलं काढायला हरकत नाही, असंही मौलाना म्हणाले होते, पण ते वाक्य कुणी लक्षात ठेवलं नाही. अब्बांनी स्वतःच्या खर्चाने फाटकावर पाटी लावली: हिरवं गवत कापू नये.

तेव्हापासून कुणी कापलंच नाही. हिरवं नाही आणि वाळलेलंही नाही, कारण ते काम असंही कुणाला नको होतं. गवत कमरेपर्यंत वाढलं. लोकांना आपापल्या माणसांच्या कबरी सापडेनाशा झाल्या. धामण निघाली, तिची बातमी नाग म्हणून फिरली. आमिरभाई मशिदीच्या पायरीवर अब्बांना सगळ्यांदेखत विचारत, “काय अब्दुल्लाभाय, मुडद्यांना चष्मे लावता काय? नंबर काय निगतो त्यांचा?” अब्बा म्हणत, “तुज्यापेक्षा बराच. त्यांना दिसतं तरी.” लोक दोघांनाही हसत.

मला मात्र हसता यायचं नाही. कामोठ्याच्या हॉलमध्ये एका लग्नात एका बाईंनी मला विचारलं, “तुमचे वडील अजून गवतातच असतात का?” मी म्हणाले, “डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.” कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. गॅलरीतून ते दिसायचे. गवतात फक्त त्यांची पाठ, वाकलेली, मधूनच पांढरी टोपी. समोरच्या टॉवरमधले लोकही आपापल्या बाल्कनीतून बघत असायचे.

*

अंडी कमी का झाली ते मला वरूनच कळलं.

पूर्वी बकरीदच्या आधी घरोघरी बोकड आणून बांधत. त्यांच्यासाठी माणसं विळे घेऊन कब्रस्तानात जात आणि भारेच्या भारे गवत कापून आणत. बकरीद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. काही वर्षं ती ऐन पावसाळ्यात आली होती. त्या वर्षांत गवत भर श्रावणात कापलं जायचं, जमिनीला ऊन लागायचं, आणि टाकळ्याला आठवड्याभरात नवी कोवळी पानं फुटायची. हळदुलीला नेमकी तीच पानं हवी असतात. अब्बांनी पहिलं अंडं पाहिलं ते याच वर्षांत. नंतर बकरीद पावसाच्या आधी येऊ लागली. तेव्हा हिरवं गवतच नसतं, मग कापणार काय? वर अब्बांची पाटी. मागच्या वर्षीचं गवत वाळून आडवं पडायचं, कुजायचं, त्याच्या थरावर नवं उगवायचं. टाकळ्याचं बी त्या थराखाली राहिलं. भिंतीलगत जे काही टाकळे उगवत, ते उंच गवतात बुडून जात. वरून उडणाऱ्या फुलपाखराला ते दिसणार तरी कसे?

ग्रंथालयात येणाऱ्या एका नियतकालिकात मी याबद्दल वाचलं होतं. गवताळ जमीन सगळी एकदम कापली तर अंडी-अळ्या जातात, आणि अजिबात कापली नाही तर ज्या झाडावर फुलपाखरं अंडी घालतात तेच झाड दबतं. म्हणून तुकड्या-तुकड्याने, आलटून पालटून कापतात. लेखातली जमीन परदेशातली होती, फुलपाखरं वेगळी होती. पण मी संध्याकाळी गॅलरीत उभी राहिले आणि मला आमचं कब्रस्तान लेखातल्या चित्रासारखं दिसलं. ही मागच्या पावसाळ्यातली गोष्ट.

अब्बांना सांगायला एक चहाचा कप पुरला असता. मी स्वतःला सांगत राहिले की योग्य वेळ बघून सांगू. पाटी उतरवायची म्हणजे आमिरभाईंसमोर हार मानायची, ते त्यांना झेपणार नाही. हे कारण चांगलं होतं, आणि अर्धं खरंही होतं. उरलेलं अर्धं मी तेव्हा स्वतःशीही बोलले नव्हते.

*

अब्बा गेले तो दिवस जुम्म्याचा, शुक्रवारचा होता, त्यामुळे दुपारच्या नमाजानंतरच दफन करायचं ठरलं. माझा धाकटा भाऊ रायान दोहाला असतो. पोचेपर्यंत मय्यत ठेवू नका, असं त्यानेच फोनवर रडत सांगितलं.

जनाजा न्यायला वाट नव्हती. दादीच्या शेजारची जागा फाटकापासून सगळ्यात लांब, आणि मध्ये कमरेइतकं गवत. सकाळी दहा-बारा माणसं विळे घेऊन आत शिरली. सगळ्यात पुढे आमिरभाई होते, पँट दुमडून, डोक्याला रुमाल बांधून. मी वरून बघत होते. गवत सपासप पडत गेलं, खालचा काळा कुजका थर फावड्याने ओढून त्यांनी बाजूला टाकला, आणि फाटकापासून दादीच्या कबरीपर्यंत एक रुंद वाट तयार झाली. शेवटी कबर खणायला त्यांनी चांगला खोलीएवढा चौकोन साफ केला. अब्बा जिवंत असते तर वाटेत आडवे झाले असते. हा विचार माझ्या मनात आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला, की आता इथे टाकळा उगवेल. वडिलांचा जनाजा अजून घरात होता.

नूरी फुफू, अब्बांची बहीण, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. “माज्या भावानं जपलेला गवत,” ती म्हणाली, “आनि त्याच्याच पायी कापला.” ती रडत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात तिथे असायला नको असं मला वाटत राहिलं.

टाकळा उगवला. तीन आठवड्यांत ती वाट बाकी गवतापेक्षा वेगळ्या, फिक्या हिरव्या रंगाची दिसू लागली. एका सकाळी पाऊस थांबून ऊन पडलं, आणि मला वाटेवर पिवळं काही तरी हललेलं दिसलं. आधी वाटलं, वाळलेली पानं. पण वारा नव्हता.

दोहाहून आलेला रायान रोज फातेहा पढायला जात असे. मी त्याला फोन केला.

“व्हिडिओ चालू कर. अब्बांच्या कबरीजवळ टाकळा आहे का बघ.”

“आपा, आत्ता? बरं. दिसतंय का?”

“तुझा अंगठा दिसतोय.”

“आता?”

“आता तुझा पाय. खाली वाक ना, रायान. जिथे नवी पानं आहेत तिथे. हळू.”

“मला तर सगळी पानं सारखीच वाटतात, टाकळा कुठला नि काय कुठला…” तो थांबला. “आपा, इथे पांढरं काही तरी आहे. उभं आहे. हे काय?”

फोनच्या पडद्यावर पान आधी धूसर होतं, मग स्वच्छ झालं.

“हे पण आहे,” तो म्हणाला. “ह्या पानावर पण. अरे, सगळीकडे आहेत.”

“आता वाटेच्या बाहेर जा. उंच गवत बाजूला करून बघ.”

बराच वेळ गवताचा आवाज येत राहिला. “इथे काहीच नाही, आपा. टाकळाच नाही. नुसतं सडलेलं गवत. फक्त अब्बांच्या वाटेवर आहेत.” आणि मग तो रडू लागला. फोन त्याच्या हातात कसाही धरलेला असावा, मला नुसतं आभाळ दिसत राहिलं आणि त्यातून खाली उतरणारं एक विमान.

घरी आल्यावर तो अम्मीजवळ बसून म्हणाला, “अब्बा असताना आल्या नाहीत. आता अब्बांना भेटायला आल्या.” अब्बा गेल्यानंतर अम्मीने पहिल्यांदाच पोटभर जेवण केलं. मी तिच्या ताटात माशाचा तुकडा वाढला.

*

पुढे ते माझ्या हातात राहिलं नाही. रायानने व्हिडिओ चुलतभावाला पाठवला, चुलतभावाने जमातीच्या ग्रुपवर टाकला. अब्दुल्लाभाईंच्या कबरीवर पाखरं उतरतात, आणि फक्त त्यांच्याच कबरीवर. आमच्या गॅलरीत बायकांची गर्दी सुरू झाली. आत जाता येत नाही, मग इथूनच. नूरी फुफू सगळ्यांना जागा करून द्यायची. “ती बगा, ती. दिसली? नेक मानूस व्हता माजा भाव. जित्यापनी लोकांनी त्याला हसला.” लग्नात मला विचारणाऱ्या बाईही आल्या. माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, “किती नशीबवान आहात तुम्ही. असे वडील.” मी हो म्हणाले.

एका संध्याकाळी आमिरभाई आले. बसताना त्यांनी टोपी नीट केली, अम्मी आतल्या दारात बसली होती तिकडे न बघता बोलले.

“भाबी, आमी त्यांना लय बोललो. आता तोंड दाखवायला लाज वाटते. जमातीनं ठरवलंय, चालीसाव्याला नवी पाटी लावायची, अब्दुल्लाभायच्या नावाची. या कब्रस्तानात गवताला कदी इला-कोयता लागनार नाय. आनि आमी ती वाट कापली ना त्या दिवशी, ती पन भरून येऊ दे. परत कुनी कापनार नाय. ही त्यांची वसियत समजा.”

अम्मी पदराने डोळे पुसत होती. मी पाणी दिलं. ग्लास परत घेताना मी हिशोब करत होते: वाटेवर आत्ताच गवत घोट्याच्या वर आलं आहे. पुढच्या पावसाळ्यात ते कमरेला लागेल, आणि मग तिथेही काही नसेल. लोक पाटीखाली उभे राहून वाट बघतील. काही वर्षांनी म्हणतील, पाखरं आपल्यावर रुसली.

रायानला तरी सांगावं म्हणून मी त्या रात्री त्याच्या खोलीपर्यंत गेले. तो फोनवर बायकोला तोच व्हिडिओ दाखवत होता. मी परत आले.

*

चाळीसाव्या दिवशी घरच्या हॉलमध्ये चादरी अंथरल्या होत्या. सकाळपासून मुलं आणि मोठे कुराण पढत होते. दुपारी दुवा झाली. बायका आतल्या खोलीत होत्या. बिर्याणीचं पातेलं गच्चीवरून खाली आणायला माणसं गेली होती, आणि तेवढ्या वेळात आमिरभाई उठून उभे राहिले. नवी पाटी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. ती त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. वर्तमानपत्र एका कोपऱ्यात फाटलं होतं आणि तिथून हिरवा रंग दिसत होता.

“मी जास्ती बोलत नाय,” ते म्हणाले. “सगल्यांनी बगितलंय. पन एक गोष्ट बोलतो. आमची अफशा आपा शिकलेली हाय, लायब्ररीत हाय. तिनं सोता अब्दुल्लाभायला सांगितला व्हता, की एअरपोर्टच्या दिव्यांनी पाखरं येत नाय. बरोबर? मौलाना पन व्हते तवा मशिदीत.” मौलानांनी मान हलवली. “आता बगा. दिवे तेच हायत. उलट वाडलेत. विमानं डोक्यावरून जातात. तरी पाखरं आली. मग ही दुवा नाय तर काय हाय?”

हॉलमधून सुभानअल्लाह असा आवाज आला. आतल्या खोलीत बायकांनीही म्हटलं. शेजारी अम्मी ताठ बसली होती, इतके दिवस खाली असलेली मान वर करून. अब्बांबद्दल गाव असं कधी बोललं नव्हतं. ती ते घोटाघोटाने पीत होती.

मी उठले आणि मधल्या दारात जाऊन उभी राहिले. नूरी फुफूने मागून माझी ओढणी धरली.

“कुटं चाललीस? मरद बसलेत.”

“आमिरभाई,” मी म्हणाले.

ते हसले. “बोला आपा. तुमी पन दोन शब्द बोला अब्बांबद्दल.”

“एअरपोर्टमुळे नव्हतं ते.”

“म्हंजे?”

“दिव्यांचं मी सांगितलं ते खोटं होतं. गवतामुळे टाकळा उगवत नव्हता. टाकळा नाही म्हणून अंडी नाहीत. तुम्ही अब्बांसाठी वाट कापलीत, खालचं कुजलेलं काढलंत, तिथे टाकळा आला, म्हणून फुलपाखरं आली. दुसऱ्या कुणासाठी कापली असती तरी आली असती.”

“आपा,” रायान कोपऱ्यातून म्हणाला. फक्त तेवढंच.

“गप बस ना गे,” फुफू मागून कुजबुजली. “आज बापाचा चालीसावा हाय.”

“ती वाट आत्ता कापू नका, तिच्यावर अंडी आहेत,” मी म्हणाले. माझा आवाज मला पुस्तक शोधून देताना असतो तसा कोरडा येत होता आणि तो थांबवता येत नव्हता. “बाकीचं पावसाळा संपल्यावर, वाळलं की काढा. दर वर्षी काढा. आणि पुढच्या पावसाळ्यात एक बाजू कापा, एक ठेवा. त्याच्या पुढच्या वर्षी उलट. पूर्वी बोकडांसाठी कापत होतात तसंच. तणनाशक नको, पेव्हर ब्लॉक नकोत. पण ही पाटी लावू नका.”

गच्चीवरून पातेलं उतरवणाऱ्या माणसांचे जिन्यातले आवाज येत होते, “सांबाल, सांबाल, कोपरा लागंल.” आमिरभाईंनी पाटीकडे पाहिलं, मग मौलानांकडे, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काहीही नव्हतं. ते दुखावले होते.

“म्हंजे अब्दुल्लाभाय चुकीचे व्हते, असं बोलता तुमी? त्यांच्या घरात, आज?”

अम्मी माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे बघून बोलायला हवं होतं; मी पाटीच्या फाटलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

“हो. ते चुकले होते. मला मागच्या वर्षीच कळलं होतं.”

“मग त्यांना का नाय सांगितला? त्यांनी ऐकला असता. तुमचा शब्द ते खाली पडू देत नव्हते.”

“त्यांनी विचारलं होतं मला. शेवटच्या दिवशी, इथे, गॅलरीत. मला वाटायचं त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी सांगत नाही. तसं नव्हतं. सांगितलं असतं तर मला त्यांच्याबरोबर उभं राहावं लागलं असतं. गावासमोर, तुमच्यासमोर. ते गवतात वाकलेले दिसले की मी गॅलरीतून आत जायची, कुणी मला बघू नये म्हणून. मला माझ्या बापाची लाज वाटायची.”